दाबण्याआधीच कळायला हवं

आम्ही पूर्णगडच्या बचत गटांकडून बोलतोय.

आपल्यातल्या बऱ्याच जणी आता मोबाइलवरून दुसऱ्याचा माल विकतात. कुणी साड्यांची लिंक पाठवते, कुणी शेजारच्या गावातल्या गटाच्या आगळाची. आपल्या लिंकवरून कुणी माल घेतला की ठरलेलं कमिशन आपल्याला मिळतं. याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव जड आहे, पण व्यवहार ओळखीचा आहे. वाशीच्या बाजारातला दलाल आपल्या आंबेवाल्यांना काही नवा नाही. इथे दलाल आपण, एवढंच. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने आपली अशी योजना 1996 साली काढली, आणि आता आपल्याकडे घरबसल्या बायका ते काम करतात.

बैठकीत मात्र एकच तक्रार येते. "ताई, एवढ्या जणांना पाठवली, कुणी मागवतच नाही." मग पुढचा प्रश्न, की भाव कमी करायचा का? आमचं म्हणणं, भावाला हात लावण्याआधी माणूस कुठे थांबतो ते बघा.

समजा मेसेज 200 जणांनी पाहिला. त्यातल्या 20 जणांनी लिंक दाबली, म्हणजे शंभरात 10. त्यांच्यापुढे पान उघडलं, ज्याला लँडिंग पेज म्हणतात. त्या 20 जणांपैकी 3 जणांनी पानावरचं 'मागवा' हे बटण दाबलं, म्हणजे शंभरात 15. हे दोन दर वेगळे आहेत आणि वेगळेच लिहून ठेवायचे. पहिला दर पडला असेल तर मेसेज सुधारायचा, दुसरा पडला असेल तर पान. बहुतेक योजनांत किती जणांनी क्लिक केलं तो आकडा आपल्या खात्यात दिसतो. बचतीच्या वहीत जशी रक्कम मांडतो तसाच तो मांडायचा.

आता लोक दाबत का नाहीत? आळस असेल, पण मोठं कारण भीती आहे, आणि ती खोटी नाही. मुंबईतल्या आपल्या माणसांना रोज फसवणुकीच्या लिंका येतात. अनोळखी लिंक उघडू नका असं पोलीस सांगतात, बँक सांगते. फसवणूक झालीच तर 1930 वर फोन करा, हेही आपणच गटात सांगतो. मग आपली निळी ओळ त्यांच्या मोबाइलवर एकटीच जाऊन पडली, तर त्यांनी ती का उघडावी? आपल्या नणंदेने ती न उघडता सोडली तर ती शहाणीच म्हणायची.

म्हणून आम्ही एक गोष्ट धरून बसलोय. दाबल्यावर काय होणार, हे माणसाला दाबण्याआधी कळलं पाहिजे.

मेसेजमध्ये लिंकच्या आधी दोन ओळी लिहा. 'मी पूर्णगडहून अमुक. शेजारच्या गटाने केलेलं कोकम आगळ आहे, मीठ घातलेलं, सोलकढीसाठी. खालच्या लिंकवर बाटलीचा फोटो आणि भाव दिसेल. पैसे आधी भरावे लागत नाहीत.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. लिंक पाठवली की व्हॉट्सॲपवर तिच्यासोबत छोटं चित्र आणि शीर्षक येतं. तिथे नुसतं 'होम' किंवा आकड्यांची माळ दिसत असेल, तर पान बनवणाऱ्या मुलाला सांगून वस्तूचं आणि गावाचं नाव घालून घ्या.

आता पान. मोठ्या ॲपचं पान ठरलेलं असतं, त्यात आपल्याला हात घालता येत नाही. तिथे मेसेजवरच मेहनत घ्यायची. पण ज्या गटांनी स्वतःचं पान केलंय, त्यांच्या हातात पुष्कळ आहे. एसटीच्या पाटीवर 'पूर्णगड' लिहिलंय आणि गाडी पावसलाच थांबली, तर माणूस पुन्हा त्या गाडीत बसताना विचार करील. मेसेजमध्ये आगळ आणि पान उघडल्यावर वर फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, आणि आगळ कुठेतरी तळाशी, असं असेल तर तो माणूस खाली शोधत बसत नाही. ज्या वस्तूचा मेसेज, तीच वस्तू पानावर सगळ्यात वर. बोटाने पान न सरकवता फोटो, वजन, भाव, पोचवण्याचा खर्च आणि बटण दिसलं पाहिजे. पोचवण्याचा खर्च शेवटी दाखवायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे माणूस चिडतो आणि उठून जातो, आणि ते बरोबरच आहे.

बटणावर काय लिहायचं, यावर आमच्या बैठकीत बराच वाद होतो. 'पुढे जा' म्हणजे कुठे? 'एक बाटली मागवा' म्हटलं की कळतं. भाव पानावर नसून पुढच्या पानावर असेल, तर 'भाव बघा' असं सरळ लिहावं. आगळ आणि सरबत यांतला फरक आपल्याला माहीत असतो, पुण्यात वाढलेल्या सुनेला असेलच असं नाही. तो एका ओळीत लिहिला की चुकीच्या ऑर्डरीही टळतात. खाण्याचा माल असेल तर त्या गटाचा अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक पानावर घाला. तो बघून बिचकणारा माणूस थोडा सैल होतो.

फोटोचं वजनही बघा. खाडीच्या कडेला नेटवर्क कसं असतं ते आपल्याला माहीत आहे, आणि लोकलमध्येही ते काही फार बरं नसतं. गूगलने 2016 साली दिलेल्या माहितीत होतं, की पान उघडायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मोबाइलवरचे निम्म्याहून जास्त लोक ते सोडून देतात. सोपा उपाय म्हणजे फोटो आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा. तो हलका होऊन येतो, तो पानावर लावायचा.

काही जणी म्हणतात, 'फक्त 2 शिल्लक' असं लिहिलं की लोक पटापट दाबतात. दाबतातही. पण माल भरपूर असताना असं लिहिणं म्हणजे फसवणूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा खोट्या घाईला नियमांतच बसवलंय, ते चालत नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे माहेरची, सासरची, चाळीतली माणसं. त्यांना एकदा खोटी घाई लावली तर ती पुढच्या मोसमात फोनसुद्धा उचलणार नाहीत.

कमिशनचंही तसंच. 'या विक्रीवर मला थोडं कमिशन मिळतं' हे वाक्य लिहायला बायका लाजतात. त्यात लाजण्यासारखं काय आहे? ॲमेझॉनच्या योजनेत तर ते सांगणं सक्तीचं आहे. त्याच योजनेत स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेल्या मालावर कमिशन मिळत नाही, तेव्हा घरातल्या खरेदीची आशा धरू नका. लिंक कुठे टाकायला परवानगी आहे, तेही प्रत्येक योजनेच्या नियमांत वाचून घ्या. नियम इंग्रजीत असले तर गावातल्या कॉलेजच्या मुलीला बसवा.

हापूसबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. बाहेरच्या आंब्याची लिंक 'रत्नागिरी हापूस' म्हणून आली, तर कमिशन कितीही असो, ती पुढे पाठवू नका. आपल्याच बागांचा भाव आपण पाडतो.

सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. या आठवड्यात बटणाचे शब्द, पुढच्या आठवड्यात फोटो. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि 20 जणांत 3 चे 4 झाले म्हणून नाचू नका, ते एरवीही होतं. दोनेकशे माणसं पानावर येऊन जाईपर्यंत वहीत आकडे मांडत राहा, मग बोला.

येत्या बैठकीला प्रत्येकीने आपली लिंक घेऊन या. ती आपण दुसऱ्या गटातल्या बाईच्या हातात देऊ. तिने पान उघडायचं आणि इथे काय मिळतं, केवढ्याला, ते सांगायचं. लिंकवाल्या बाईने मध्ये एक शब्द बोलायचा नाही. मोबाइल चार्ज करून आणा.