सह्याद्री टिपून ठेवताना

म्हैसूरजवळच्या बेळगोळला सह्याद्री वाहिनी बघायची तर डीडी फ्री डिश सोयीची. दूरदर्शनची ही उपग्रह सेवा 2004च्या डिसेंबरात सुरू झाली, मासिक भाडं नाही. तिचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे, बरंच वर. पण नाटकाच्या वेळी घरी नसलात तर? रेकॉर्डर जोडा. सेट-टॉप बॉक्सच्या ‘आउट’मधली वायर रेकॉर्डरच्या ‘इन’मध्ये, रेकॉर्डरच्या ‘आउट’मधली टीव्हीत. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. एचडीएमआयचा मोह टाळा. तिच्यात नक्कल रोखणारं कुलूप असू शकतं, मग हाती नुसता काळा पडदा. खरी गोम टायमरची. रेकॉर्डर वेळेवर जागा होतो, पण बॉक्स चालू आणि त्याच वाहिनीवर हवा. कुणी मध्येच क्रिकेट लावलं, तर नाटकाऐवजी क्रिकेटच टिपलं जाणार! घरच्यांना बजावून ठेवा; ऐकतीलच असं नाही. काही बॉक्सना यूएसबीवर रेकॉर्डिंगची सोय असते, तिथे वेगळा रेकॉर्डर लागत नाही. पेन ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर एक फाइल 4 जीबीच्या आतच राहते. लांबलचक नाटक दोन-तीन तुकड्यांत मिळालं तर घाबरू नका.