बंदूक नसलेल्यांचा तंबू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, वीस मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा. फक्त बँकेवर बोलू नका." छत्तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसावर ही अट म्हणजे जरा अन्यायच. तरी मी मान्य केली. पण बोलता बोलता एक खातेवही येणार आहे, ती मात्र चालवून घ्या.

गेले दोन उन्हाळे आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात होतो. तिकडे एक छंद आहे, त्याला 'लिव्हिंग हिस्टरी' म्हणतात, म्हणजे जिवंत इतिहास. एखादा काळ ठरवायचा, त्या काळचे कपडे शिवायचे, तंबू ठोकायचे आणि दोन दिवस तसं राहून दाखवायचं. नाटकासारखं, पण स्टेज नाही आणि संवादही पाठ केलेले नाहीत. लोक येतात, बघतात, प्रश्न विचारतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १८९१ साली 'स्कानसेन' नावाचं उघड्यावरचं संग्रहालय सुरू झालं, तिथं जुनी घरं आणून त्यांत जुनी कामं करून दाखवत. तिथपासून ही कल्पना जगभर पसरली. पेनसिल्व्हेनियात सगळ्यांचा आवडता काळ म्हणजे त्यांचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. कारण त्यातली सर्वांत मोठी लढाई, गेटिसबर्गची, याच राज्यात झाली.

आमची अकरा वर्षांची नात मैत्रिणीच्या नादानं अशा एका गटात गेली होती. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या छावणीला गेलो. शिपाई झालेले पुरुष कवायत करत होते, बंदुका उडत होत्या, तोफेचा बार झाला की लोक टाळ्या वाजवत होते. आणि एका बाजूला झाडाखाली एक तंबू, त्याला पाटी होती 'नागरिक'. तिथं दहा-बारा बायका, चार मुलं आणि दोन म्हातारे घेरदार झगे-टोप्या घालून खुर्च्यांवर बसलेले. लोक येत, फोटो काढत, पुढे जात. आमची नात कंटाळून गवत उपटत होती.

आमच्या सौ. पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगतो. त्या म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या मांडवात वरपक्षाच्या बायका बसतात तशा बसल्यात या. लढाई चालू असताना बायका अशा रिकाम्या बसल्या असतील का?"

संध्याकाळी त्या तंबूच्या प्रमुख बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, साधारण माझ्याच वयाच्या. त्या खिन्न होत्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हा तंबू बंद करायचं गटात घाटतंय. लोक तोफ बघायला येतात. आमच्याकडे काय आहे?" मी सौ.चं वाक्य इंग्रजीत करून सांगितलं, मांडव वगळून. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या चहाला या."

अशी आमची नेमणूक झाली. बिनपगारी.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही कागद घेतला आणि चार रकाने आखले. कोण माणूस, कोणतं काम, युद्धाशी त्याचा संबंध काय, आणि संध्याकाळपर्यंत हातात काय उरणार. चौथा रकाना माझा. दिवसाअखेर शिल्लक दिसली नाही तर मला चैन पडत नाही.

बाईंना इतिहास तोंडपाठ होता, तो फक्त कामाला लावलेला नव्हता. त्या काळी उत्तरेकडे 'सॅनिटरी कमिशन' नावाची संस्था १८६१ मध्येच उभी राहिली होती. गावोगावच्या बायका मोजे विणून, पट्ट्या गुंडाळून, फळांचे मुरंबे करून खोके भरून जखमी शिपायांसाठी पाठवत. १८६३ मध्ये शिकागोला तर बायकांनी मोठी जत्राच भरवली. लिंकननं गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा स्वतःच्या हातचा मसुदा तिला देणगी दिला, आणि तो तीन हजार डॉलरला विकला गेला. हे ऐकल्यावर माझी कळी खुलली. म्हटलं, ही खरी वसुली!

मग रकाने भरत गेले. तीन बायका जुन्या सुती चादरी फाडून पट्ट्या गुंडाळणार, आणि येणाऱ्यालाही एक पट्टी गुंडाळायला देणार. दोघी मोजे विणणार. एक म्हातारे गृहस्थ रुग्णालयातल्या शिपायाची पत्रं लिहून देणार. वॉल्ट व्हिटमन हा मोठा कवी वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत हेच काम करत असे. मुलं खोक्यांची यादी करून खिळे ठोकणार. आणि एक बाई कणीक मळणार.

कणकेमागे एक खरी गोष्ट आहे. गेटिसबर्ग तेव्हा जेमतेम चोवीसशे वस्तीचं गाव. १, २ आणि ३ जुलै १८६३, असे तीन दिवस लढाई चालली. जेनी वेड नावाची वीस वर्षांची मुलगी बाळंतीण बहिणीच्या घरी शिपायांसाठी पाव करायला कणीक मळत उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दार भेदून गोळी आली आणि ती तिथंच गेली. त्या लढाईत थेट मारली गेलेली गावातली ती एकच व्यक्ती. सैन्य निघून गेलं तेव्हा वीस हजारांहून जास्त जखमी मागे राहिले, चोवीसशे माणसांच्या गावात. घरं, चर्च, धान्याची कोठारं, सगळ्यांची रुग्णालयं झाली. आता सांगा, कुणाला रिकामं बसायला वेळ होता?

काही नियमही ठरले. चुलीजवळच्या माणसानं सुतीच कपडे घालायचे, नायलॉन अजिबात नाही, आणि पाण्याची बादली हाताशी. तोफेच्या वेळी आपला कार्यक्रम ठेवायचा नाही. दर तासाला कामं बदलायची, म्हणजे कुणी कंटाळणार नाही. आणि उत्तर माहीत नसेल तर थाप मारायची नाही, 'माहीत नाही' म्हणायचं. हा शेवटचा नियम मला कौंटरवर चाळीस वर्षांपूर्वीच समजला होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही छावणी भरण्याच्या आठ दिवस आधी पोचलो. गटानं रंगीत तालीम ठेवली होती आणि गावातल्या लोकांना बोलावलं होतं. सगळं सुरेख चाललं होतं. नात तर खिळे ठोकून ठोकून बोटाला पट्टी बांधून बसली होती. तेवढ्यात एक कृष्णवर्णीय गृहस्थ आले, बरोबर दहा-अकरा वर्षांचा नातू. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं, नातवाला पट्टी गुंडाळू दिली. मग बाईंना अगदी सौम्यपणे विचारलं, "या तंबूत आमची माणसं कुठं आहेत?"

मंडळी, हे युद्ध गुलामीवरून झालं. आणि आमच्या चार रकान्यांत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. बाईंचा चेहरा उतरला. माझाही. हिशेब जुळला म्हणून आम्ही खूश होतो, आणि अख्खं एक खातं उघडायचंच राहिलं होतं.

बाई रात्री पुस्तकं घेऊन घरी आल्या. गेटिसबर्गमध्ये तेव्हा स्वतंत्र काळ्या लोकांची वस्ती होती. दक्षिणेची फौज आली तेव्हा ती काळी माणसं धरून गुलाम म्हणून दक्षिणेला नेत होती, मग ती जन्मानं स्वतंत्र का असेनात. म्हणून त्यांतले कित्येक जण घरदार सोडून पळाले. एब्रॅहम ब्रायन नावाच्या काळ्या शेतकऱ्यानं १८५७ मध्ये बारा एकर जमीन घेतली होती. तोही बायको-मुलांना घेऊन निघून गेला. लढाईचा शेवटचा मोठा हल्ला नेमका त्याच्या शेताजवळ येऊन फुटला. परत आला तेव्हा घराला गोळ्यांची भोकं, कुंपण नाहीसं, पीक तुडवलेलं. त्यानं नुकसानभरपाईचा अर्ज केला. मिळालं ते मागितल्याच्या मानानं फारच थोडं. तरी त्यानं घर दुरुस्त केलं आणि पुन्हा शेती केली.

'अर्ज' शब्द ऐकला आणि मी म्हणालो, "बाई, हे टेबल माझं."

एक जुन्या वळणाची खातेवही मिळवली. पाटी लावली 'नुकसानीची नोंद'. युद्ध संपल्यावर पेनसिल्व्हेनियात खरोखरच हजारो नागरिकांनी असे अर्ज केले होते. गाय, घोडा, गवताची गंजी, कुंपणाची लाकडं, मधाच्या पेट्यासुद्धा. येणाऱ्या माणसाला मी विचारायचो, "तुम्ही या गावचे. फौज गेली. तुमचं काय गेलं? जिन्नस सांगा, किंमत सांगा, साक्षीदार सांगा." मी जुने कपडे घातले नव्हते. साधा पांढरा शर्ट, चष्मा आणि टाकाची लेखणी. कारकून सगळीकडे सारखेच दिसतात.

लोक आधी हसायचे. मग पहिली गाय लिहिली की गंभीर व्हायचे. एका तरुण आईनं पाळणा लिहायला सांगितला आणि किंमत विचारल्यावर ती बराच वेळ बोललीच नाही.

ते गृहस्थही नातवाला घेऊन पुन्हा आले. बाईंनी त्यांना आठवड्यात फोन करून विचारलं होतं, चुकलं, दुरुस्त कसं करू? त्यांनीच सांगितलं, कुणाला गुलामाचे कपडे घालून उभं करू नका. ब्रायनचं काम दाखवा, त्याचा अर्ज दाखवा. त्यांचा नातू माझ्यासमोर बसला आणि त्यानं ब्रायनच्या वतीनं नोंद सांगितली. घर. कुंपण. पीक. मग थांबून म्हणाला, "आणि पळून जावं लागलं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?"

छत्तीस वर्षं मी रकाने भरले. त्या पोराला उत्तर देता आलं नाही. मी शेऱ्याच्या जागी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि त्याची सही घेतली.

तंबू बंद झाला नाही. यंदाही तो लागला, खातेवहीसकट. वही आता दुसरे एक निवृत्त गृहस्थ सांभाळतात.

परतताना गाडीत नातीनं विचारलं, "आजोबा, तेव्हा आपली माणसं काय करत होती?" हा प्रश्न मला सोपा गेला. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा सट्टा उसळला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्या वेळची बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तेजीत कर्ज काढलेला शेतकरी कर्जातच राहिला. पुढे सारा वाढला, सावकारी वाढली, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. जेनीच्या गावातली लढाई आपल्या गावच्या वहीतही लिहिली गेली होती. (सेक्रेटरी साहेब, बँकेचा उल्लेख एवढाच. संपला.)

आता आपल्याकडे येतो. दिवाळीत आपली पोरं सी विंगच्या मागे किल्ला करतात. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे. पण खाली बघा. अळीव पेरून उगवलेलं हिरवं शेत, विहीर, डोक्यावर घागर घेतलेली बाई, बैलगाडी, बाजारातला भाजीवाला. हे त्यांना कुणी शिकवत नाही. पायथ्याशी गाव नसेल तर किल्ला पुरा होत नाही, हे आपल्या पोरांना आपोआप कळतं. विसरतो ते आपण मोठे.

या स्मरणिकेत पंचवीस वर्षांच्या कमिट्यांची नावं येतील. ती यायलाच हवीत. त्यांनी लढाया लढल्या, बिल्डरशी आणि कन्व्हेयन्ससाठी. पण पहिल्या वर्षी नळाला पाणी नव्हतं तेव्हा टँकरपाशी पहाटे चारला कोण उभं राहत होतं? लिफ्ट नसताना चौथ्या मजल्यावर गॅसची टाकी कुणी चढवली? लाइट गेल्यावर कुणाच्या घरी सगळी पोरं अभ्यासाला बसायची? आपला पहिला वॉचमन, पहिल्या कामवाल्या मावशी, त्यांचं नाव कुठल्या इतिवृत्तात आहे?

म्हणून मी आज रिकाम्या हातानं आलेलो नाही. दाराजवळच्या टेबलावर एक खातेवही ठेवली आहे. चार रकाने आहेत: कोण, काय काम केलं, कोणत्या साली, आणि आज त्याचं काय उरलं आहे. शेऱ्यासाठी जागा मोठी ठेवली आहे. जेवायला जायच्या आधी प्रत्येकानं एक नोंद करावी. पण स्वतःची नाही, दुसऱ्याची.

पहिली नोंद मी केली आहे. ती आपल्या पहिल्या वॉचमनच्या नावाची आहे. त्यांचं पूर्ण नाव मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. काल त्यांच्या मुलाला फोन करून विचारून घेतलं.