बालकाचे चित्र आणि वडीलधाऱ्यांचा हात

(शिंपी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. आमचे आयुष्य शाळेत चित्रकला शिकविण्यात गेले. त्यातली बरीच वर्षे या मंडळाच्या बाल-चित्रकला स्पर्धेचे परीक्षक म्हणूनही आम्ही काम पाहिले. तेव्हा प्राथमिक शाळेतील बालकांना चित्रकला व रचना कशी शिकवावी, याच विषयावर बोलणे आम्हांस प्राप्त आहे. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-सूचक विभाग अशा थोर कामांच्या गर्दीत मुलांच्या रंगपेटीची कथा ती काय, असे कोणास वाटेल. परंतु आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती याच सभेत देणे उचित होय.

काही वर्षांपूर्वी आपल्या स्पर्धेस 'माझे घर' हा विषय दिला होता. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने दुकानाचे चित्र काढले. त्यात शिवणयंत्र भिंतीएवढे होते, सुई पहारीएवढी होती, आणि यंत्रामागे बसलेले वडील जेमतेम बाहुलीएवढे होते. यंत्राच्या लाकडी फळीतून वडिलांचे पायडलावरचे दोन्ही पाय आरपार दिसत होते. आम्ही त्या कागदाच्या पाठीवर 'प्रमाणबद्धता नाही' असा शेरा मारला आणि पहिले पारितोषिक दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी व नारळाचे झाड अशा एका सुबक चित्रास दिले. त्या चित्रातील नारळाच्या झावळ्या कोणा मोठ्या माणसाच्या हातच्या होत्या, हे आम्हांस त्याच वेळी कळले होते. पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला. या खेपेस त्याने दोन डोंगर, सूर्य, नदी आणि झोपडी काढून आणली. आम्ही त्यास तिसरे पारितोषिक दिले.

त्या दिवशी घरी परतताना आमच्या मनास चुटपुट लागली, ती आजतागायत गेलेली नाही. मुलाने आमचा धडा पुरता घेतला होता!

वास्तविक त्याचे पहिले चित्र चुकलेले नव्हतेच. व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या शिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली बालकांच्या चित्रांविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण सात ते नऊ या वयातील मूल डोळ्यांना दिसते तसे काढीत नाही, स्वतःला ठाऊक असते तसे काढते, असा त्यातील विवेचनाचा एक भाग आहे. जी वस्तू त्याच्या लेखी महत्त्वाची, ती कागदावर मोठी होते. जे आत आहे हे त्यास माहीत असते, ते बाहेरूनही दिसते. कागदाच्या तळाशी एक रेघ ओढून माणसे, झाडे, घरे सारी तो तिच्यावर ओळीने उभी करतो. ज्या घरी पहाटेपासून यंत्राचा खडखडाट चालतो, त्या घरातील मुलाच्या मनात यंत्र भिंतीएवढे असले तर त्यात नवल ते कोणते?

आता आम्ही हे आधी का ओळखले नाही? आम्हांस शिकविले गेले होते निराळेच. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. तिने पुढे मोठमोठे कलावंत दिले, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या काळी इंग्लंडातून आलेला चित्रशिक्षणाचा क्रम असा, की आधी सरळ रेषा, मग वक्ररेषा, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन. प्रौढ कारागिरास हा क्रम उपयोगी पडत असेल. तोच झिरपत झिरपत लहान मुलांच्या वर्गापर्यंत आला आणि तेथे ठाण मांडून बसला. तिकडे व्हिएन्नात मात्र फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ सालीच बालकांसाठी कलावर्ग उघडला होता. मुलांच्या चित्रात मोठ्यांनी हात घालावयाचा नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने होती. महागड्या साधनांवाचून मुलांचे काही अडले नाही. कोसबाड हा वारली वस्तीचा मुलूख. आज शहरांतील शाळांतून वारली चित्रांतील दोन त्रिकोणांची माणसे फळ्यावर काढून देतात आणि चाळीस मुले ती चाळीस वेळा उतरवितात. यास वारली कला म्हणणे म्हणजे त्या कलेचा आणि त्या मुलांचा, दोघांचाही उपमर्द होय.

काही पालक विचारतात, यासाठी शाळेत स्वतंत्र शिक्षक नाही काय? बहुतेक ठिकाणी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेस. पहिली ते पाचवीस वर्गशिक्षकच सर्व काही. त्या बिचाऱ्याने अंकगणित शिकवावे, माध्यान्ह भोजनाचा हिशेब ठेवावा, की रंग कालवावे? म्हणून तो छापील चित्रे रंगवावयास देतो. रेषेच्या आत रंग भरला की मूल हुशार, बाहेर गेला की धांदरट. आम्ही त्यास दोष देत नाही. परंतु ज्या कामास आपण समाज म्हणून हातभार लावू शकतो, ते काम हेच, असे आमचे मत आहे. कारण साधने आपल्याच दुकानात पायाखाली पडलेली असतात. आम्ही कातरणांविषयी बोलत आहोत.

आम्ही निवृत्तीनंतर जवळच्या एका प्राथमिक शाळेत आठवड्यातून एकदा जातो. बरोबर कातरणांची पिशवी नेतो. पहिल्या दिवशी डिंक नाही, कात्री नाही. प्रत्येकाने पाच तुकडे निवडावयाचे आणि वीतभर कागदावर मांडावयाचे. मग तेच तुकडे हलवून 'गर्दी' करून दाखवावयाची, मग 'मोकळे' करून दाखवावयाचे. चिकटवायचे नसल्यामुळे चुकण्याचे भय राहत नाही. एका मुलीने 'मोकळे' करताना चार तुकडे कागदाबाहेर काढून ठेवले आणि एकच तुकडा कोपऱ्यात ठेवला. आम्ही तीस वर्षे मोकळ्या जागेचे महत्त्व फळ्यावर लिहीत आलो होतो!

पुढे आम्ही काठ घेतो. एक आकृती घेऊन ती कागदाच्या चारी कडांनी पुन्हापुन्हा मांडत जावयाची. मुले कडेने झपाझप जातात आणि कोपऱ्याशी अडतात. पान उजवीकडे झुकले आहे, आता वळावे कसे? कोणी कोपऱ्यात पान तिरपे ठेवतो, कोणी तेथे निराळे फूल बसवितो, कोणी कोपरा रिकामाच सोडतो. एकाने दोन्ही बाजूंनी पाने कोपऱ्याकडे तोंड करून आणली आणि 'यांची भेट झाली' असे सांगितले. रुमालाचा काठ ज्याने कधी बेतला असेल त्यास ठाऊक आहे की खरी कसोटी कोपऱ्यावरच लागते. येथे आम्ही उत्तर सांगत नाही. सगळ्यांचे कागद जमिनीवर मांडून नुसते पाहावयास लावतो.

चित्र आणि रचना यांत एक भेद आहे. चित्रात मूल स्वतःचे म्हणणे मांडते. रचनेत केलेली वस्तू दुसऱ्या कशास तरी जुळावी लागते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या इयत्तेतील मुलांकडून आम्ही वर्तमानपत्राची कुंची करवितो. बाहुलीचे डोके सुतळीने मोजावयाचे, कागद दुमडावयाचा, कापावयाचा, घालून पाहावयाची. पहिली कुंची बहुधा डोक्यातून जात नाही. दुसरी खांद्यापर्यंत घसरते. तिसऱ्या खेपेस मूल कापण्यापूर्वी थांबते आणि पुन्हा मोजते. हे थांबणे शिकविण्यास आम्हांस दुसरा उपाय सापडलेला नाही. आपल्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवताना कोणता तुकडा कोणाशेजारी शोभतो याचा केवढा विचार केला! त्यास कोणी कला म्हटले नाही, बक्षीसही दिले नाही. त्या गोधड्या आम्ही वर्गात नेतो आणि मुलांना धावदोऱ्यावरून बोट फिरवू देतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपण शिंपी, म्हणून आपल्या मुलांच्या हातात ही कला जन्मतःच असते, असे काही वक्ते अशा मेळाव्यांतून सांगतात. आमचा अनुभव तसा नाही. जे मूल दुकानाच्या ओट्यावर बसून वाढले, त्याचा हात तयार झाला, मग ते कोणाचेही असो. आज आपली बहुतेक मुले सदनिकांतून वाढतात. तयार कपड्यांनी दुकाने ओस पाडली. तेव्हा इतरांच्या मुलांइतकेच त्यांनाही हे सारे मुळापासून द्यावे लागेल.

घरी पालकांनी काय करावे, हेही थोडक्यात सांगतो. मुलाने चित्र दाखविले की 'हे काय आहे?' असे विचारू नये; 'याची गोष्ट सांग' असे म्हणावे. त्याच्या कागदावर आपली पेन्सिल लावू नये. खळ घरी करावी, मात्र जुन्या पद्धतीप्रमाणे तीत मोरचूद घालू नये, कारण मुले बोटे तोंडात घालतात आणि मोरचूद विषारी आहे. मूल डावखुरे असेल तर त्यास डावखुऱ्यांची कात्री आणून द्यावी. नेहमीच्या कात्रीचे वरचे पाते त्याच्या नजरेआड नेमकी कापावयाची रेघ लपविते, आणि मग आपण त्यालाच वेंधळा ठरवितो. आणखी एक. सरकारी रेखाकला परीक्षांची तयारी दुसरी-तिसरीपासून करून घेण्याची टूम अलीकडे निघाली आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा माध्यमिक वयासाठी आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती यांचा काळ पुढे येईलच. दहावीस मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी सात वर्षांच्या मुलास छायाप्रकाश घोटावयास लावणे हा अन्याय आहे.

आता कार्यकारी मंडळास आमची विनंती. बारा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेतील पहिला, दुसरा, तिसरा हे क्रम बंद करावेत आणि परीक्षकाच्या जागेवरून आम्हांस मुक्त करावे. पारितोषिकांच्या रकमेतून जाड कागद, बोथट टोकाच्या कात्र्या आणि रंग आणावेत. मेळाव्याच्या दिवशी सकाळी मुलांनी येथेच, या सतरंजीवर बसून काम करावे, आणि जे होईल ते सर्व, एकही न वगळता, मंडपाच्या कनातीस लावावे. आईवडिलांनी त्या वेळात चहा घ्यावा, मंडपात येऊ नये. देणगीदारांची नावे पूर्ववत जाहीर व्हावीत, त्याबद्दल आमची हरकत नाही.

ज्यांची दुकाने अद्याप चालू आहेत त्यांनी कातरणे पिशवीत भरून मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावीत. सुती, खणाची, रेशमी, सर्व चालतील. तळहाताहून लहान मात्र नकोत. देण्यापूर्वी त्यांतील टाचण्या आठवणीने काढाव्यात.