पाणी बघायला जायचंय, तर घरी तसंच सांगू या

(नवी पेठ, सोलापूर येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



आज वसुली, बँक लिंकेज हे विषय झाले. आता सहलीचा विषय घेऊ. काही गटांनी विचारलंय, 'नळदुर्गला धबधबा बघायला जायचं का?' विचारताना आवाज मात्र एकदम खाली. जसं काही कर्ज थकलंय!

आधी जागेबद्दल सांगते. नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरपासून साधारण ४५ किलोमीटर. तुळजापूर तालुक्यातलं गाव. बोरी नदीचं पाणी अडवून किल्ल्यात दगडी बांध घातलाय, तो विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, म्हणजे ४०० वर्षांपूर्वीचा. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आत खिडकीत उभा माणूस कोरडा राहतो. बांधावरून पाणी पडायच्या दोन वाटा आहेत, एक नर आणि एक मादी. म्हणून त्याला नर-मादी धबधबा म्हणतात.

पण हा धबधबा बारमाही नाही. आपला भाग कमी पावसाचा. वरचं बोरी धरण भरून वाहू लागलं, की मगच तो जोरात सुरू होतो. एखाद्या वर्षी होतही नाही. म्हणून तारीख आधी छापून चालत नाही. पाणी सुरू झाल्याची खात्री करायची आणि आठ दिवसांत निघायचं. गौरी-गणपती झाल्यावर, सोयाबीन काढणीच्या आधी, असा मेळ बसला तर उत्तम. दिवस असा निवडा की कुणाच्या मजुरीत खाडा पडणार नाही.

आता पैशाचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. ते पैसे कर्जवाटपाचे आहेत. सहलीला वेगळी वर्गणी काढा, महिन्याला २०-३० रुपये, आणि तिचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा. एसटीच्या साध्या गाडीने गेलात तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं आहे. ७५ वर्षांच्या पुढच्या आजींना तर फुकट. आधार कार्ड बरोबर घ्या. उमरगा, हैदराबादकडच्या गाड्या नळदुर्गवरून जातात. किल्ल्याचं तिकीट आणि माहिती सांगणाऱ्याचे पैसे निघण्याआधी विचारून ठेवा. डबा घरचाच. भाकरी, शेंगाची चटणी, दही असलं की झालं.

एका वेळी दहा-बाराच जणी जायचं. सगळा ग्रामसंघ एकदम नको. पाणीमहालात उतरायच्या पायऱ्या अरुंद, दगड शेवाळलेले. दहा जणी असल्या की डोकी मोजता येतात, माहिती सांगणाऱ्याचं बोलणं शेवटच्या मावशीलाही ऐकू येतं. जिचे गुडघे दुखतात तिच्यासाठी थांबता येतं.

पाण्यात उतरायचं नाही, हा नियम लिहून ठेवा. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी एकदम चढतं, पळायला वेळ मिळत नाही. पाणी लांबूनही तेवढंच सुंदर दिसतं. फोटोसाठी कठड्यावर चढायचं नाही. तिथला माणूस 'आत जाऊ नका' म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरायचं.

आता सगळ्यात अवघड विषय. काही ताई म्हणाल्या, 'घरी तुळजापूर सांगू. देवीला जायचं म्हटलं की कुणी अडवत नाही.' खरं आहे, तुळजापूर तिथून जवळ आहे. दर्शन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण धबधबा लपवायला देवीचं नाव नको.

का, ते सांगते. खोटं सांगून गेलेली बाई दिवसभर घड्याळ बघते. फोन वाजला की दचकते. आणि पुढच्या वर्षी दुसरीने खरं सांगून विचारलं, तर तिलाच ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही बँकेत सह्या करता, कर्ज उचलता, वेळेवर फेडता. तेव्हा घरचे म्हणतात, 'आमच्या हिला सगळं जमतं.' मग एक दिवस पाणी बघायला जाते, हे सांगायला का जमू नये? आपण परवानगीची भीक मागत नाही, घरातल्यांना विश्वासात घेतोय. कुठं जातोय, कोण बरोबर आहे, किती वाजता परत येणार, हे स्पष्ट सांगा. एखाद्या घरी अडचण आली तर गटाच्या अध्यक्ष, सचिव दोघींनी जाऊन बोला. लेकरं, म्हातारी माणसं, जनावरं त्या दिवशी कोण बघणार, तेही गटातच ठरवा. शेजारणीने एक दिवस धार काढली, तर पुढच्या वेळी तिच्यासाठी तुम्ही काढा.

आणखी एक. ज्या मावशींना हळदी-कुंकवाला कुणी बोलवत नाही, त्यांचं नाव यादीत पहिलं लिहा. सहलीला कुंकू लागत नाही.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. मोकळा श्वास घेणं, पोटभर हसणं हेही त्यातच येतं, असं मला वाटतं. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने नावं, वर्गणी आणि नियम ठरवून इतिवृत्तात नोंद करावी. आणि विषयाच्या रकान्यात 'तुळजापूर दर्शन' नको, 'नर-मादी धबधबा सहल' असंच लिहा.