समुद्रकाठचा एक दिवस
(महोत्सवाच्या सायंकाळी साखरखेर्डा येथे केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त आम्ही चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. उपदेश तर आम्ही दर रविवारी करीतच असतो. म्हणून आज एका प्रवासाची हकीकत सांगावी असे योजिले आहे. गेल्या जानेवारीत आपल्यापैकी बावीस मंडळी आमच्यासह कोकणात गेली होती. जे घरी राहिले, त्यांच्यासाठी विशेषेकरून हे सांगणे आहे.

आपण वऱ्हाडची माणसे. पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहीर उभी राहते, फार तर पेनटाकळीचे धरण. रेवदंड्याच्या तटाजवळ समुद्र प्रथम दृष्टीस पडला, तेव्हा आपल्यातील एका शेतकरी बांधवाने विचारले, "फादर, याला पलीकडचा बांध कोठे?" आम्ही हसलो खरे, परंतु उत्तर सुचले नाही.

रेवदंडा म्हणजे पूर्वीच्या चौलचे पोर्तुगीज ठाणे. १५१६ साली पोर्तुगीजांनी तेथे वखार घातली आणि पुढे काही वर्षांतच कोट बांधला. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व येशुसंघीय धर्मगुरूंचे मठ व मंदिरे उभी राहिली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली व त्यानंतरच्या तहाने, १७४० मध्ये, चौलही पोर्तुगीजांच्या हातून गेले. आज त्या मंदिरांना छप्पर नाही. कोटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा मनोरा उभा आहे, पण त्याचे सातही खण आता उरलेले नाहीत. एके काळी जेथे घंटा घणघणत होत्या तेथे पोपटांचा कलकलाट ऐकून आमचे मन उदास झाले. एवढे वैभव जेथे टिकले नाही, तेथे आपल्या मूठभर धर्मग्रामाची काय कथा, असा विचार मनात आला. तो आम्ही कोणास बोलून दाखविला नाही. आज कबूल करितो.

पुढे कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून आम्ही कोर्लईस गेलो. तेथे एक लांबट डोंगर थेट समुद्रात शिरला आहे. त्याच्या कण्यावर किल्ला, तीन बाजूंस लाटा आणि पायथ्याशी गाव. पोर्तुगीजांनी हा किल्ला १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला होता. वृद्ध मंडळी पायथ्याशी थांबली. बाकीचे वर चढले. किल्ल्यातील देऊळही छपरावाचून आहे.

पण गावात कार्मेल मातेचे मंदिर नांदते आहे! अधिकारी गेले, सरदार गेले, व्यापारी गेले. ज्यांना जायला दुसरे ठिकाण नव्हते ते गरीब ख्रिस्ती लोक मागे राहिले. त्यांच्या मुखी पोर्तुगीजांपासून निपजलेली एक बोली अद्याप आहे. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. ती बोलणारे जेमतेम हजारभर आहेत. एका वृद्ध मातेस आम्ही विचारले, "आजी, ही भाषा तुम्हांस कोणी शिकविली?" ती म्हणाली, "शिकवायचे काय त्यात? आई बोलली, मी बोलले." "आणि नातवंडे?" ती क्षणभर थांबली. "माझ्यापाशी बोलतात," एवढेच ती म्हणाली.

दुपारनंतर आम्ही दक्षिणेस निघालो. उजव्या हातास समुद्र, डाव्या हातास डोंगर. रस्ता कधी कड्यावर चढे, कधी एखाद्या गावाच्या वाडीतून उतरे. काशीदची पांढरी वाळू, नांदगाव, मुरूड. आणि शेवटी राजपुरीहून, मावळत्या उन्हात, पाण्यातून वर आलेला सिद्दींचा जंजिरा. इटलीत अमाल्फीचा असाच कडेकपारींचा किनारा आहे. तेथील महामंदिरात संत अंद्रियाचे अवशेष १२०८ सालापासून जतन केलेले आहेत. तो किनारा आम्ही चित्रांतच पाहिला आहे. परंतु अंद्रिया हा जाळे टाकणारा कोळी होता, हे मुरूडच्या होड्या पाहताना जसे उमगले तसे सेमिनरीच्या पुस्तकांत उमगले नव्हते.

परतीच्या वाटेवर मंडळी जपमाळ म्हणत असता आम्हांस आपल्याच गावाची आठवण झाली. १७२४ साली येथे निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि या गावाचे नाव फतेहखेर्डा ठेविले. ते नाव आज कोण घेतो? लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिले. जेत्याने ठेविलेले नाव पुसले गेले, आईने मुलास सांगितलेले नाव टिकले.

धर्मजनहो, आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. चौलच्या मानाने कालचाच. आपली मुले पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस जातात. रविवारी बाके रिकामी दिसतात आणि आम्ही वेदीवरून कुरकुर करितो. त्या कुरकुरीबद्दल आज आपली क्षमा मागतो. मुलांनी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण जाताना त्यांच्या मुखी काय असेल, हे आपल्या घरातच ठरते. मंदिराची भिंत आम्ही वर्गणीतून डागडुजू. संध्याकाळची प्रार्थना मात्र वर्गणीतून होत नाही. ती ज्याच्या त्याच्या चुलीपाशीच व्हावयास हवी. आजच्या रात्रीपासून ती घरोघरी व्हावी, एवढीच या महोत्सवाची भेट आम्ही आपणांपाशी मागतो.

कार्मेलची माता आपणां सर्वांचे रक्षण करो. आमेन.