अक्षरांशी झुंजणारी मुले



'डिस्लेक्सिया' हा शब्द परका वाटला, तरी ती अडचण आपल्या घरांना परकी नाही. बोलण्यात चतुर, तोंडी हिशेबात तरबेज, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारे मूल पुस्तक हाती येताच अडखळते. मग आपण त्याला 'आळशी', 'ढ' अशी विशेषणे बहाल करतो.

इ. स. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, गणितातही चांगला होता. परंतु अनेक वर्षे कसून शिकवूनही त्याला वाचन साधेना. 'पर्सी' हे स्वतःचे नाव लिहिताना त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल झाली आणि ती त्याच्या ध्यानातही आली नाही. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते, तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणे जड जाते. ही अडचण जन्मजात असते आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. तो बुद्धीचा किंवा संस्कारांचा दोष नव्हे. त्यावर औषध नाही, आणि छडी तर मुळीच नाही.

मराठीत तिची चिन्हे कोणती? 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गल्लत होते. वेलांटी, उकार गळतात. जोडाक्षरापाशी गाडी थांबते. फळ्यावरचे उतरवताना ओळ सुटते. मराठीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ बराच असल्याने काही मुले बरोबर, पण अतिशय संथ वाचतात. इंग्रजी स्पेलिंग आले की अडचण उघडी पडते. सहा-सात वर्षांपर्यंत उलटसुलट अक्षरे बहुतेक मुले काढतात, त्याने घाबरू नये. त्यानंतरही हे चालू राहिले, तर प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी.

येथेच आपले पाऊल अडखळते. मुलगा असेल तर आपण म्हणतो, 'शेवटी दुकानच तर सांभाळायचे आहे.' मुलगी असेल तर उद्याच्या सोयरिकीच्या भीतीने गोष्ट झाकून ठेवतो. या दोन्हींत मुलाची उमेदीची वर्षे वाया जातात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र हा कलंक नव्हे, तो मुलाचा हक्क आहे. त्यासाठी दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नये.

मात्र सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. खरा आधार आहे तो प्रशिक्षित शिक्षकाकडून नियमित मिळणाऱ्या उपचारात्मक शिक्षणाचा. घरीही पुष्कळ करता येते. शब्द फोडून त्यातील ध्वनी ऐकवावेत. ताटात रवा पसरून, अक्षराचा उच्चार करीत ते बोटाने गिरवून घ्यावे. एका वेळी थोडेच, परंतु रोज करावे. आजी-आजोबांनी धडा मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे वाचन मागे राहिले तरी ज्ञान मागे राहणार नाही. चारचौघांत वाचायला लावू नये, भावंडांशी तुलना करू नये. चित्रकला, खेळ, यंत्रांची आवड, जिथे त्याची गती असेल तिथे त्याला मनमोकळी दाद द्यावी.

बंधू-भगिनींनो, आपण एका पानावर जेवढे श्रम करतो, त्याच्या कितीतरी पट श्रम हे मूल त्याच पानावर करीत असते. ते श्रम गुणपत्रिकेत दिसत नाहीत. आई-वडिलांना तरी ते दिसावेत, एवढीच माझी नम्र विनंती आहे.