आगर उभं राहीपर्यंत



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानायची रीत आहे. ती पाळते आणि लगेच विषयाला हात घालते. जेवणाची वेळ पुढे ढकलणारा अध्यक्ष कोणालाच आवडत नाही.

चक्रीवादळानंतरची मदत हा आपल्या परिषदेचा विषय आहे, आणि मी त्यावर ‘निसर्ग’ वादळाच्या आधारानेच बोलणार आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांतून इथे आलेल्या कार्यकर्त्यांपैकी निम्म्यांनी त्या वेळी अंगावर ताडपत्री घेऊन काम केलेलं आहे. मला जे म्हणायचं आहे ते थोडक्यात असं, की आपण घर आणि पोट यांच्यापुरती मदत पोचवतो, आणि ज्या बागेवर ते घर आणि पोट चालतं ती मात्र तलाठ्याच्या पंचनाम्यावर सोडून देतो.

3 जून 2020 च्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. होड्या बहुतेक किनाऱ्याला होत्या, म्हणून समुद्रात माणसं फारशी अडकली नाहीत. पण श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि खाडीपलीकडे केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड या पट्ट्यात दुपार सरेपर्यंत नारळ-सुपारीची आगरं झोपली होती. घरांची कौलं उडाली, पत्रे दुसऱ्याच्या परसात जाऊन पडले, विजेचे खांब मोडले, मोबाइलचे टॉवर बंद. मोसमी पाऊस 11 जूनला हर्णैला पोचला. म्हणजे डोक्यावर काही घालायला लोकांना आठ दिवस मिळाले.

त्यात करोना. मुंबईहून आलेले चाकरमानी गावच्या शाळेत विलगीकरणात बसलेले, आणि ज्या शाळेत आसरा घ्यायचा तीच शाळा भरलेली. मदतीच्या टेम्पोला जिल्ह्याच्या हद्दीवर पास दाखवावा लागत होता. तरीही मुंबई-पुण्याहून टेम्पो आले, याचं मोल मी कमी लेखत नाही. शिधा आला, मेणबत्त्या आल्या, सौर दिवे आले. आणि नेहमीप्रमाणे जुने कपडे आले, ज्यांच्या गाठोड्यांवर पाऊस पडून त्यांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मते त्या पंधरवड्यातली सगळ्यांत शहाणी मदत जनरेटर टेम्पोवर घालून फिरणाऱ्यांनी केली. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. हे लोक विहिरीवर जायचे, टाकी भरून द्यायचे, तेवढ्यात गावाचे मोबाइल चार्ज व्हायचे, आणि पुढच्या वाडीकडे निघायचे. फोटोत दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

छपरांबद्दल एकच सांगते. पत्रे पुष्कळ वाटले गेले, पण ते धरून ठेवणारे हूक त्या मानाने कमी दिले गेले. पाखाच्या कडेला, आढ्याजवळ आणि वळचणीला हूक जवळजवळ हवेत, कारण वारा तिथेच पत्र्याखाली शिरतो. हे गावच्या सुताराला माहीत होतं. देणगीच्या यादीत मात्र पत्रा नगावर मोजला गेला. वर्षाच्या आत, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कोणाचे पत्रे टिकले आणि कोणाचे पुन्हा उडाले, ते पाहायला फारसं कोणी आलं नाही.

आता आगराकडे येते.

दहा-बारा गुंठ्यांचं एक आगर डोळ्यांपुढे आणा. वरच्या मजल्यावर माड, खाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, मधे एखादं जायफळ, पाटाच्या कडेला केळी. वादळाने माड सुपारीवर पाडले आणि सुपारी एकमेकींवर. आत शिरायला वाट नाही. आगरात जाणारी पाणंद इतकी अरुंद की ट्रॅक्टर जात नाही. माडाचा सोट बाहेरून लोखंडासारखा, करवतीची साखळी तासाभरात बोथट होते. कापलेले ओंडके घ्यायला गिऱ्हाईक नाही. मालक साठीचा, मुलगा मुंबईत, आणि गडी मिळत नाही, कारण गड्याचंही घर पडलेलं.

मग ओंडके तिथेच राहिले. कुजणाऱ्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याची अळी कुजक्यात वाढते आणि भुंगा झाला की तो उभ्या माडाच्या कोवळ्या सुईत शिरतो. म्हणजे वादळातून वाचलेली झाडं आणि नंतर लावलेली रोपं, दोन्ही धोक्यात. दुसरं, माथ्यावरचं छत्र गेल्यावर वाचलेल्या सुपारीचे सोट उन्हाने करपतात, आणि नव्या रोपाला तर सावलीशिवाय तग धरवत नाही. आधी केळी लावायची, मग सुपारी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातली मंडळी हे सांगत होती, आगरातले जुने लोकही सांगत होते. पण जुलैमध्ये आपण काय केलं? रोपं वाटली. नारळाचं रोप लावण्याजोगं व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. मागणी एकदम आली, तेव्हा मिळेल तिथून रोपं आणली गेली आणि ती ओंडक्यांच्या मधल्या फटीत लावली गेली. त्या जुलैमध्ये रोपापेक्षा यंत्रकरवत, चार तरणी माणसं आणि त्यांची महिनाभराची मजुरी यांची गरज होती. अशी मदत ज्या थोड्या गटांनी केली त्यांची आगरं आज ओळखू येतात.

नुकसानभरपाईचा हिशेब तुम्हाला पाठ असेल, तरी नवख्यांसाठी मांडते. फळबागांना आधी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले. दहा गुंठेवाल्याच्या वाट्याला त्यातले 5,000 येतात. बागायतदारांनी ओरड केली, तेव्हा झाडामागे दर ठरला, माडाला 250 आणि सुपारीला 50 रुपये. शास्त्रीय अंतराने लावली तर दहा गुंठ्यांत सुपारीची सव्वाशेच्या आसपास झाडं बसतात. सगळी पडली तरी सव्वासहा हजार. पडलेला माड कापून, ओढून बाहेर काढायचा खर्चसुद्धा 250 मध्ये निघत नव्हता. आणि सुपारी धरायला पाच-सहा वर्षं, बाणवली माड धरायला त्याहून जास्त.

तेवढेही पैसे अनेकांच्या हातात पडले नाहीत, कारण सातबारा. आजोबांच्या नावानंतर वारस लागले, त्यांतले काही डोंबिवलीत, काही बडोद्यात, एखादी आत्या कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. खातं सामाईक, संमतीपत्रं जमत नाहीत. जो माणूस आगर शिंपतो त्याचं नाव बाराव्या ओळीत. आणि जिचं नाव कुठेच नाही, ती असोली सुपारी सोलणारी बाई. पिढ्यान्‌पिढ्या हंगामात तिच्या घरात त्या मजुरीचा पैसा येत होता. झाड तिचं नव्हतं, म्हणून तिचं नुकसान पंचनाम्यात आलं नाही. ते आपल्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवरही आलं नाही, कारण आपण पंचनाम्याचेच रकाने उचलले होते. सरकारच्या हातात नियम आहेत, समजू शकते. आपल्या हातात कोणता नियम होता?

पैशाच्या बाजूनेही दोन गोष्टी घडल्या, आणि त्या बोलल्याच पाहिजेत. 2019 मध्ये कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आपत्ती निवारण आणि पुनर्वसन आलं, त्यामुळे कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक दायित्वाच्या निधीची दारं उघडली. पण बहुतेक कंपन्यांचा जीव मार्चअखेरीला टांगलेला असतो. 2021 च्या दुरुस्तीने ‘चालू प्रकल्पा’ला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षं मिळाली, हे बरं झालं, तरी ती मुदत सुपारी धरण्याआधीच संपते. दुसरी गोष्ट सप्टेंबर 2020 ची, म्हणजे वादळाला चार महिनेही झाले नव्हते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली. शहरातली मोठी संस्था आणि तालुक्यातली छोटी संस्था यांच्यामधला पूलच गेला. मोठ्यांना गाव माहीत नाही, छोट्यांकडे पैसा नाही. मग जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तळीये गाव दरडीखाली गेलं, आणि देणारे तिकडे वळले. ते वळणारच, ती गरजही खरी होती.

गावाला न विचारता मदत केली की काय होतं, याचा लातूरचा अनुभव आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली आणि बरीचशी गावं देणगीदारांनी वाटून घेतली. सरळ रस्ते, एकसारखी घरं झाली. बैल कुठे बांधायचे आणि कडबा कुठे रचायचा, हे मात्र विचारायचं राहून गेलं. त्याच वेळी जिथे जागेवरच दुरुस्ती करायची होती अशा सुमारे 1,300 गावांत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. कोणतं घर कसं मजबूत करायचं, कोणाचा हप्ता अडला, हे त्या बघायच्या. आपल्याकडे त्या कामाचं कौतुक पुष्कळ होतं, अनुकरण कमी.

कोकणाकडे त्याला तोडीस तोड असं एक जुनं साधन आहे, आणि ते म्हणजे वाडीचं मुंबई मंडळ. लालबाग-परळच्या खोल्यांमधून वर्गणी काढून देवळं, शाळा आणि साकव बांधलेली ही मंडळं. 2020 मध्ये त्यांच्या सभासदांच्या नोकऱ्या अधांतरी होत्या, तरी वर्गणी निघाली. त्यांना हिशेब ठेवता येतो, भांडता येतं, आणि त्या हरवलेल्या आत्याचा पत्ताही शेवटी त्यांच्याकडेच सापडतो. त्यांच्यात बायकांना जागा नाही आणि वाडीतल्या जातीची भिंत कधी कधी मंडळातही उभी असते, हे मी डोळ्यांआड करत नाही. तरीही मदत करणारी संस्था गावात आली की तिने पहिल्यांदा सरपंचाचा हार घेण्याऐवजी या मंडळाची वही मागावी, असं माझं मत आहे.

2020-21 च्या पावसात लावलेली सुपारी आता धरायच्या वयाला आली आहे. रोपं किती वाटली, हा आकडा आपल्या सगळ्यांच्या अहवालात छापलेला आहे. किती जगली, तो मला एकाही अहवालात सापडला नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या गावांतली रोपं येत्या दिवाळीपूर्वी जागेवर जाऊन मोजावीत, आणि मोजायला सोलणाऱ्या बायकांना मजुरी देऊन बरोबर घ्यावं.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. यापुढे वादळासाठी गोळा होणाऱ्या प्रत्येक निधीतला ठरावीक हिस्सा पहिल्या वर्षी खर्चच करायचा नाही, तो तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी बाजूला ठेवायचा, असा त्याचा आशय आहे. मसुद्यात टक्केवारीची जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. मी तिसरा हिस्सा सुचवणार आहे. देणगीदार कुरकुरतील, आपले हिशेबनीस तर आत्ताच माझ्याकडे रोखून बघताहेत. जेवण झाल्यावर भांडू.